काकीच्या हाकेची नोंदणी

माझ्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी मोठ्या हौसेने लिहून कॅनडाला पाठवला होता. तिथल्या वकीलबाईंनी त्यातला बहुतेक भाग काढून टाकला. मला राग आला नाही, कारण मन दुखू नये म्हणून त्या किती जपून बोलत होत्या ते व्हिडिओवरही कळत होतं. "मी हे दोनदा वाचलं," त्या म्हणाल्या, "पण ट्रेडमार्कच्या मंडळाला यातलं फार थोडं लागतं." त्यांना जे लागलं नाही तेच मला जास्त आठवतं. म्हणून ते इथे लिहिते आहे, आणि ते प्रकरण कसं घडलं तेही.

मी रोह्याला राहते. इथल्या शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. माहेर पेणचं. आमचं घर एके काळी जमीनजुमल्याचं होतं. वडिलांच्या पिढीत जमिनी कुळांकडे गेल्या आणि घरातले पुरुष एकामागून एक मास्तर झाले. वडील मास्तर, धाकटे काकाही मास्तर. काकांचं लग्न झालं आणि घरात काकी आली ती रोह्याच्या आतल्या अंगाच्या एका गावातून. तिच्या माहेरी भात आणि त्यामागून त्याच ओलीवर कडवे वाल, एवढंच पिकायचं. बोलणं तिथलंच, सरळ आणि मोठ्या आवाजातलं. "नाय" आणि "व्हय" आमच्या घरात पहिल्यांदा तिने आणलं. माझी आजी तिला सुधारायला बघायची. "'नाय' नाही, 'नाही' म्हणावं," आजी सांगायची. काकी मान हलवून म्हणायची, "व्हय, नाय म्हणनार आता." आजीला हसू आवरायचं नाही, मग तो धडा तिथेच संपायचा.

पापडांचा उद्योग काकीने सुरू केला तो माझ्या प्राथमिक शाळेच्या दिवसांत. पेणला पोह्यांचे पापड घरोघरी व्हायचे, त्यात नवल काही नव्हतं. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, की गल्लीतल्या बायकांची कामं एकमेकींच्या ओट्यांवर चालू व्हायची. काकीने एवढंच केलं, की सगळ्या बायकांना आमच्या ओट्यावर आणलं. पीठ ती स्वतः मळायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. पापडखाराचं पाणी उकळून गार करायचं, त्यात हिंग आणि तिखट, मग पोह्यांचं पीठ, आणि मग त्या घट्ट गोळ्याला तेलाचा हात लावून लावून वरवंट्याने कुटायचं. कुटण्याचा आवाज थांबला, की ती ओट्याच्या कडेला यायची, कमरेवर हात ठेवायची आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना तोंड करून हाक मारायची.

"ये गो!"

नाव कुणाचं घ्यायची नाही. समोरच्या घरातली, पलीकडच्या चाळीतली, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याची बायको, सगळ्यांना तीच एक हाक. आणि प्रत्येकीला ती आपल्यालाच वाटायची. पदराला हात पुसत, काखेत आपापला पोळपाट घेऊन बायका यायच्या. एक जण पेणजवळच्या जिते गावाहून सकाळच्या गाडीने यायची. तिचं सासर जित्याचं आणि माहेर आमच्या गल्लीतलं, त्यामुळे पापडांच्या दिवसांत तिला रोजचं माहेरपण मिळायचं. तिला हाक गाडीत ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी ती ओट्यावर पाय ठेवताना ओरडायची, "इलं गो, इलं!" ती मूळची तळकोकणातल्या आईची लेक, त्यामुळे "आले"साठी तिचा शब्द आमच्यापेक्षा वेगळा.

मी आणि माझी चुलतबहीण, म्हणजे काकीची मुलगी, दोघी शाळेतून आलो की दप्तरं टाकून ओट्यावर बसायचो. आमचं काम उन्हात वाळलेले पापड उलटवून सावलीत सरकवायचं. खरा डोळा लाट्यांवर. काकी पिठाची वळी करून दोऱ्याने तिच्या लाट्या पाडायची. तेलात बुडवलेली कच्ची लाटी जिभेवर ठेवली, की आधी खार लागतो, मग तिखट, आणि मग पोह्यांची गोडी. माझी बहीण एकेक लाटी गालात धरून ठेवायची आणि विचारलं की बोलायची नाही. काकी तिच्याकडे बघून म्हणायची, "बोल की गो, दातखीळ बसली काय?" सगळ्या हसायच्या.

संध्याकाळी पापड मोजून पिशव्यांत भरले जायचे. काका ते सायकलवरून पेणच्या दुकानांत द्यायचे, आणि शनिवारी एसटीने रोह्याला. पुढे रोह्याजवळ धाटावला कारखाने वाढले, बाहेरगावची माणसं राहायला आली, आणि रोह्याच्या दुकानांतून मागणी वाढली. तेव्हा एका दुकानदाराने सांगितलं, पिशवीवर काहीतरी छापा, गिऱ्हाईक नाव विचारतं.

हा विषय आमच्या घरात पुष्कळ दिवस चालला. काकांना आमचं आडनाव हवं होतं. आजीला कुलदेवीचं नाव हवं होतं. काकी म्हणाली, "देवीचं नाव पिशवीवर आनि पिशवी उकिरड्यावर, नको." आडनावाबद्दल ती काही बोलली नाही, पण ओट्यावरच्या बायका बोलल्या. जित्याची म्हणाली, "मास्तर, तुमचं आडनाव तुमचं. लाटतो आम्ही." काका ओशाळले. मग गिरणीवालीनेच सुचवलं, की आपण ज्या हाकेला येतो तीच घाला. काकी आधी लाजली. तिला ती थट्टा वाटली. पण छापखान्यातून पहिल्या पिशव्या आल्या, लाल अक्षरांत "ये गो" आणि खाली "पोह्यांचे पापड, पेण", तेव्हा तिने एक पिशवी हातात धरून ओट्यावरून घरात आणि घरातून ओट्यावर अशा कितीतरी फेऱ्या मारल्या. तिला अक्षरं लागत होती, पण ती वाचत नव्हती, बघत होती.

माझं लग्न होऊन मी रोह्याला आले. बहीण शिकली, लग्न करून नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली, टोरांटोच्या जवळच्या एका गावात स्थिरावली. पहिल्या वर्षी तिला इतकं परकं वाटायचं, की फोनवर ती फक्त ओट्याची चौकशी करायची. आज कोण आलं होतं, पीठ किती भिजवलं, गिरणीवालीच्या गुडघ्याचं काय. काकीने तिला पापड पाठवले. तिने ते तिथल्या गणेशोत्सवात भाजून वाटले. लोकांनी पत्ता विचारला. पुढच्या वर्षापासून ती मागवू लागली आणि मंडळाच्या कार्यक्रमांत टेबल मांडून विकू लागली. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी. टेबलाच्या मागे तिने पेणच्या पिशवीचाच मोठा छाप लावला होता. आपल्याकडची एखादी बाई तो वाचून थबकायची आणि न राहवून मोठ्याने म्हणायची, "ये गो!" मग तिथेच गप्पा.

तिच्याकडून पापड घेऊन आपल्या दुकानात ठेवणारा एक दुकानदार होता. तोही आपल्याच बाजूचा, लहानपणीच तिकडे गेलेला. त्याचे मामा धाटावच्या कंपनीत शिफ्टला होते आणि रोह्यात राहायचे. करोनाच्या आधीच्या थंडीत तो मामांना भेटायला आला, तेव्हा बहिणीने मला फोन करून सांगितलं, "ताई, त्याला पेणला घेऊन जा. आईचा ओटा बघायचा म्हणतोय."

मी घेऊन गेले. रोह्याहून सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. माणूस बोलका, गोड. नागोठण्याला खिडकीतून वडापाव घेतला, तो मला आधी दिला. कासू स्टेशनच्या पुढे खाडीकडची मोकळी जमीन दिसू लागली, तेव्हा बाहेर बघत राहिला. "आमची आजी इकडचीच होती," म्हणाला. घरी काकीने त्याला पाटावर बसवलं, लाट्या दिल्या, तेल दिलं. त्याने मनापासून खाल्ल्या. मग पिशवी हातात घेऊन विचारलं, "काकी, हे नाव कसं काय सुचलं?" काकीने सगळी गोष्ट सांगितली, छापखाना, काका, जित्याची, सगळी. त्याने पिशवीचा फोटो काढला, काकीचाही काढला. निघताना काकीने त्याच्या मामीसाठी तळायची मिरगुंडं बांधून दिली. तो वाकून पाया पडला.

त्यानंतर सगळं जग बंद पडलं, आणि उघडलं तेव्हा ओट्यावरचं पुष्कळ काही उरलं नव्हतं. काका गेले. गिरणीवाली मुलाकडे पनवेलला गेली. काकीच्या मनगटांत जोर राहिला नाही. पण जित्याच्या बाईने तिथे बायकांचा गट केला होता, आणि काकीने तिला पीठ मळायला शिकवलं, इतकी वर्षं जे कुणाला करू दिलं नव्हतं ते. पापड जित्याहून जाऊ लागले. नाव तेच राहिलं. तिकडे बहिणीचं कामही वाढलं. एका मोठ्या दुकानाने माल ठेवायची तयारी दाखवली आणि विचारलं, नाव नोंदवलेलं आहे का? बहिणीने कधी नोंदवलं नव्हतं. वीस-बावीस पाकिटांच्या टेबलाला ट्रेडमार्क कशाला, असं तिला वाटायचं. ती वकीलबाईंकडे गेली. बाईंनी शोध घेतला, आणि ते नाव पापड, मसाले, लोणची अशा सगळ्या मालासाठी आधीच कुणीतरी मागितलेलं निघालं. अर्जदार तो दुकानदार.

बहिणीने मला फोन केला तेव्हा इथे सकाळ होती. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. तिचा आवाज ऐकून मला वाटलं तिकडे कुणी आजारी आहे.

"ताई, त्याने आपली हाक नेली गो."

मला आधी काही कळलंच नाही. नाव आपण इतकी वर्षं वापरतोय, मग ते दुसऱ्याच्या नावावर कसं होईल? तिने वकीलबाईंकडून जे कळलं ते मला समजावून सांगितलं. पूर्वी कॅनडात नाव नोंदवून हवं असेल, तर ते तिथे प्रत्यक्ष वापरल्याचं नोंदणी मिळण्याआधी सांगावं लागायचं. दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये कायदा बदलला आणि ती अट गेली. आता अर्ज करायला आधी वापर लागत नाही. त्याचा फायदा घेऊन पुष्कळांनी दुसऱ्यांची नावं आधी मागून ठेवली. याने पेणहून परतल्यावर लगेच अर्ज टाकला होता. त्या काळात तिथल्या कचेरीत अर्जांची इतकी गर्दी साचली होती, की पहिली तपासणी व्हायलाच वर्षं लागत. म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. आता त्याचा अर्ज जाहीर झाला होता, आणि जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांत कुणालाही हरकत घेता येते. ती मुदत अजून शिल्लक होती.

"म्हणजे काही गेलं नाही अजून," मी म्हटलं.

"नाही गेलं. पण पुरावा लागेल. आणि ताई, त्याच कायद्यात एक नवं कलमही आलंय. वाईट हेतूने अर्ज केला असेल, तर त्या कारणावरही हरकत घेता येते. त्याला माहीत होतं की नाव आईचं आहे, हे दाखवायला हवं. ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

दूध उतू गेलं होतं. मी शेगडी पुसत बसले, आणि पुसता पुसता तो माणूस काकीच्या पाया पडताना डोळ्यांपुढे येत राहिला.

मी प्रतिज्ञापत्र लिहायला बसले ते याच तिरीमिरीत. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत. ओटा लिहिला, खाराचं पाणी लिहिलं, जित्याच्या गाडीचं लिहिलं, आजीचं "नाही म्हणावं" लिहिलं. मला वाटलं, हे वाचल्यावर कुणीही सांगेल की नाव कुणाचं. व्हिडिओवर वकीलबाई भेटल्या. केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला, मागे खिडकीत बर्फ. त्या म्हणाल्या, "शब्द पेणला कसा जन्मला, याने इथे हक्क ठरत नाही. इथे, कॅनडात, हे नाव लावून माल आधी कुणी विकला, ते महत्त्वाचं. ते तुमच्या बहिणीची बिलं आणि टेबलाचे फोटो सांगतील. तुम्ही मला त्या माणसाच्या भेटीबद्दल सांगा. तो आला, कुणाबरोबर आला, काय बघितलं, काय विचारलं, काकीने काय सांगितलं. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच."

मी सांगत गेले. त्या मधेच थांबवून विचारायच्या, "नावाचा अर्थ त्याने विचारला की त्यांनी आपणहून सांगितला?" मी म्हटलं, त्याने विचारला. "फोटो पिशवीचा काढला?" काढला. "तुमच्यासमोर?" समोर. त्यांनी मान हलवली. शेवटी मसुद्यात मोजके परिच्छेद राहिले. लाट्या गेल्या, वडापाव गेला, त्याची आजी गेली. काकी उरली ती "वरील व्यक्तीने" एवढीच. मी थोडी खट्टू झाले असेन, कारण बाई म्हणाल्या, "माझी आजी बटाट्याचे पदार्थ करून चर्चच्या आवारात विकायची. तिचं नाव कधीच कुठे छापलं गेलं नाही. तुमच्या काकींचं मी वाचलं आहे, ते माझ्याजवळ आहे. मंडळाला नको आहे इतकंच."

मी पेणला जाऊन नोटरीसमोर सही केली. काकीला बरोबर घेतलं होतं, तिला बघायचं होतं. नोटरीच्या खोलीत एकच खुर्ची रिकामी होती, त्यावर तिला बसवलं. नोटरीने विचारलं, "हे कशासंबंधी?" मी सांगणार, इतक्यात काकीच म्हणाली, "माझी हाक चोरली परदेशात." नोटरीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरोबर सांगतात त्या."

तोपर्यंत मला वाटायचं, की काकी हे सगळं फारसं मनाला लावून घेणार नाही. घरात तिचा स्वभावच तसा होता, गेलं ते जाऊ दे. बहिणीलाही तसंच वाटत होतं. पण काकी रागावली, आणि तिचा राग नावासाठी नव्हता. झालं असं, की त्या दुकानदाराने दरम्यान त्याच नावाने आपली पाकिटं काढली होती, आणि त्यातलं एक बहिणीने ओळखीच्या माणसाबरोबर इकडे पाठवलं. नोटरीकडून घरी आल्यावर काकीने ते फोडलं, एक पापड उजेडात धरला, वास घेतला.

"उडदाचा हाय हा."

"हो काकी."

"पोह्याचा नाय."

"नाही."

"आनि वर माझी हाक?" तिने तो पापड पाकिटात परत ठेवला नाही, चुलीकडेही नेला नाही, तसाच खिडकीत ठेवून दिला. "बाय, कुनी बाई ही पिशवी वाचून पेनचा म्हनून घेईल, आनि घरी जाऊन भाजेल. तिला काय वाटेल? काकीचा हात गेला, असंच ना वाटेल?"

मी त्या दिवशी रोह्याला परतताना गाडीत तेच आठवत होते. काकीला आपल्यापासून हजारो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या त्या बाईची फसवणूक सलत होती.

हरकत दाखल झाली, पुरावे पाठवले. आता तो दुकानदार उलट पुरावे देणार, माझी उलटतपासणी मागणार, म्हणून मी मनाशी उत्तरं जुळवत होते. तसं काही झालं नाही. एके दिवशी वकीलबाईंकडून कळलं, की त्याने अर्ज मागे घेतला. आणि त्यानंतर काही दिवसांनी त्याचा मला फोन आला.

"ताई, ओळखलंत?"

"ओळखलं."

बराच वेळ तो दुसरंच बोलत राहिला, मामांची तब्येत, रोह्याचा पूल, पाऊस. मग म्हणाला, "मी चोरी करायची म्हणून केलं नाही. आमच्या सल्लागाराने सांगितलं, कायदा बदललाय, आता जो आधी मागेल त्याचं. मला वाटलं, आपण नाही घेतलं तर कुणी परका घेईल."

"मग बहिणीला सांगितलं का नाही?"

तो पुन्हा सल्लागाराचंच सांगू लागला.

"काकींना सांगितलं असतंत तर त्यांनी दिलंही असतं कदाचित," मी म्हटलं. ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. म्हणून गेले.

"त्या रागावल्यात का?"

"रागावल्यात. तुम्ही उडदाचे घातलेत म्हणून."

तो हसला नाही. "माझ्याकडे पोह्यांचे येणं बंद झालं होतं ताई, करोनात. रिकामी जागा दिसत होती दुकानात." मग म्हणाला, "ती पाकिटं मी उचलली सगळी." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मला त्याचा राग यायला हवा होता तेवढा आला नाही. गाडीच्या खिडकीतून बाहेर बघणारा तो माणूसही खराच होता, असं मला आजही वाटतं.

बहिणीचा स्वतःचा अर्ज मध्यंतरी दाखल झाला होता. तोवर तिथली जुनी गर्दी ओसरू लागली होती, आणि तपासणी लवकर आली. त्यात एक गंमत झाली. नाव दुसऱ्या भाषेत आणि दुसऱ्या लिपीत असेल, तर त्याचा उच्चार त्यांच्या अक्षरांत आणि अर्थ त्यांच्या भाषेत लिहून द्यावा लागतो. मी मराठीची शिक्षिका, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, "ये, प्रिये." इंग्रजीत ते बरं दिसत होतं. काकीला वाचून दाखवलं.

"प्रिये? कोन प्रिये? मी त्यांना पापड लाटाया बोलवत होते."

मग "ये, बहिणी" करून बघितलं. काकी म्हणाली, "त्यात गिरनीवाली बसते, पन तिच्या सुनेलाबी मी गो म्हनायची, ती बहीन कशी?" "मुली" म्हटलं, तर जित्याची काकीच्याच वयाची. शेवटी मी सरळ लिहिलं: ये, आपल्या जवळच्या बाईमाणसाला उद्देशून. वकीलबाईंना ते चाललं, कचेरीलाही चाललं. बाईंनी जाता जाता हेही सांगितलं, की काकांच्या म्हणण्याप्रमाणे आडनाव छापलं असतं तर तिथे नोंदायला जड गेलं असतं, नुसत्या आडनावाला ते सहसा मान्यता देत नाहीत. आणि "पोह्यांचे पापड" हे तर मालाचंच नाव, कुठल्याही भाषेत असलं तरी ते एकट्याचं होत नाही. काका असते तर त्यांना हे सांगायला मजा आली असती. त्यांनी वाद घातला असता आणि शेवटी मान्य केलं असतं.

नोंदणी झाली. पूर्वी ती पंधरा वर्षांची असायची, आता दहा वर्षांची. बहिणीने आम्हाला बारीकसारीक सगळं सांगितलं, कारण आता आम्हीही त्यात मुरलो होतो. एक नवा नियम दोन हजार पंचवीसच्या एप्रिलपासून लागू झालाय. नोंदणीच्या पहिल्या तीन वर्षांत कुणाला त्या नावावरून कोर्टात अडवायचं असेल, तर आपण ते कॅनडात खरोखर वापरतो हे दाखवावं लागतं. नुसतं नाव अडवून बसणाऱ्यांना आळा म्हणून. तीन वर्षं झाली, की वापर दाखवा अशी नोटीस कुणीही मागवू शकतं, आणि आता कचेरी आपणहूनही काहींना तशा नोटिसा धाडू लागली आहे. जित्याच्या बाईला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे जमीन कसणाऱ्याची, तसं." आमच्या घरातल्या कुणाला हे सुचलं नसतं, किंवा सुचलं तरी बोललं नसतं. मी हसले, तीही हसली.

मागच्या थंडीत बहीण आली होती. आम्ही दोघी आणि काकी जित्याला गेलो. पेणहून गाडीने थोडाच वेळ लागतो, पण काकीला चढायला-उतरायला त्रास होतो, म्हणून रिक्षा केली. गटाची जागा म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, पंखे, टेबलं. बायका उभ्याने लाटतात, खाली बसून पाय आखडत नाहीत. निम्म्या बायका आम्हाला अनोळखी होत्या, तरुण, काहींचे नवरे धाटावला कामाला. त्या मोबाइलवर गाणी लावून काम करत होत्या. कुटायला यंत्र आलंय. मला ते सगळं बघून आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण नजर ओटा शोधत राहिली. बहिणीचंही तेच झालं असावं. ती एका टेबलापाशी गेली, लाटी उचलली, तेलात बुडवून तोंडात टाकली आणि गालात धरून ठेवली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींना रडू आलं असतं.

काकी मात्र खुर्चीवर बसून ताज्या पिठाची परीक्षा घेत होती. चिमूट जिभेवर ठेवून म्हणाली, "खार एक कन जास्त झालाय." जित्याची म्हणाली, "यंत्राला कळत नाही गो, पाणी कमी मागतं." दोघींचं त्यावर बराच वेळ चाललं. तरुण बायकांनी गाणं बंद करून ऐकलं. दुसऱ्या दिवशीच्या पिठात पाणी थोडं वाढवलं गेलं.

बहीण परत गेली. आता दर खेपेचा माल बांधला, की जित्याची एक पाकीट काकीसाठी बाजूला ठेवते आणि पेणला कामाला येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते. मी महिन्यातून एकदा-दोनदा पेणला जाते. परवा गेले तेव्हा काकी स्वयंपाकघरात गॅससमोर स्टुलावर बसली होती. चिमट्यात पापड धरून तिने तो कडेकडेने भाजला, मध्ये फुगू दिला, डाग पडू दिला नाही. मग ताटलीत ठेवून दोन तुकडे केले. मोठा तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि चहाला आधण ठेवायला उठली.